दहावं लागलं की

संक्रांत जवळ आली की आमच्या घरामागच्या शाळेत गॅदरिंगची तयारी सुरू होते. दुपारच्या सुट्टीनंतर कर्ण्यावर एकच गाणं दहादा लागतं, मध्येच बंद पडतं, आणि कुणीतरी मास्तर ‘हॅलो, माईक टेस्टिंग’ म्हणत घसा साफ करून घेतात. शेजारच्या बायका कुरकुरतात, मुलं गच्चीवरून बघत उभी राहतात. मला मात्र भीती वाटते. साठीला आलेली, पेन्शन खाणारी बाई मी. मी शाळेच्या गॅदरिंगला भ्यायचं म्हणजे हसण्याचीच गोष्ट. पण हात गार पडतात हे खरं आहे. मी खिडकी लावून घेते, चहा टाकते आणि तो तसाच निवू देते.

माझ्या भीतीचा हंगाम पौषाचा. ज्वारीची कणसं भरून आलेली असतात, बांधावरच्या तुरी वाळायला लागलेल्या असतात, जिंतूरच्या एसटीची फुटकी खिडकी कितीही ओढली तरी वारा कानात शिरतो, आणि रस्त्याकडेच्या कुठल्यातरी रानातून आगटीच्या धुराचा, हुरड्याचा वास येतो. लोकांच्या तोंडाला त्या वासानं पाणी सुटतं. माझं तोंड कोरडं पडतं.

तसं पाहिलं तर ती वर्षं सगळ्यांनीच भ्यायची होती. विद्यापीठाच्या नावाचा वाद पेटलेला होता. आज बंद, उद्या मोर्चा; एसटी कुठं अडकून पडेल याचा नेम नसे. पाच माणसं एका जागी जमली की म्हातारी माणसं दारं लावून घ्यायची. मी परभणीला कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, वसतिगृहात राहत होते. घर येलदरीला. वडील धरणाच्या वीजघरात ऑपरेटर, बदली होऊन आम्हाला तिथं दोनच वर्षं झालेली. बाकीच्या मुली मोर्चाला भ्यायच्या. माझी भीती घरातली होती आणि तिचं नाव बेबी.

बेबी माझी धाकटी बहीण. तेव्हा दहा पूर्ण करून अकराव्यात गेलेली. शाळेत घातलंच नाही, त्यामुळं तिचं पाळण्यातलं नाव कधी वापरायची वेळ आली नाही. ती चवड्यांवर चालायची. हाक मारली तर वळायची नाही, पण स्वयंपाकघरात कुणी डब्याचं झाकण उघडलं की मागच्या अंगणातून धावत यायची. ते झाकण फरशीवर गरगर फिरवायची आणि मान कलती करून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत बसायची. झाकण नसेल तेव्हा स्वतःची बोटं डोळ्यांपुढं हलवायची. बोलायची नाही. आम्ही वाट बघितली. पोखर्णीच्या नरसिंहाला जाऊन आलो, नांदेडच्या डॉक्टरांना दाखवून आलो, आणि कुठल्याशा वैद्यबुवांनी आईला सांगितलं, “दहावं लागलं की बोलेल.” आईनं ते वाक्य धरून ठेवलं. पाहुण्यांनी विचारलं तर तेच, शेजारणीनं विचारलं तर तेच, भाजी निवडताना स्वतःशीसुद्धा तेच. दहावं लागलं, दहावं सरलं. त्यानंतर आईनं ते वाक्य उच्चारलं नाही आणि आम्हीही आठवण करून दिली नाही.

वीजघरातून पाणी सोडायच्या आधी भोंगा व्हायचा. त्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी असताना एका दुपारी बेबी दिसेना. आई कॉलनीभर फिरली, मी नदीकडं पळाले. ती वीजघराच्या खालच्या अंगाला खडकांत, घोटाभर पाण्यात उभी होती आणि पाण्यावर हलणारं ऊन बघत होती. मी हाक मारली, तिनं वळून बघायचा प्रश्नच नव्हता. तेवढ्यात भोंगा झाला. तिनं दोन्ही कान दाबले आणि होती तिथंच, पाण्यात, खाली बसली. मी तिला कशी वर ओढून आणली ते मला आठवत नाही. तिच्या दंडावर माझ्या नखांचे वळ उठले होते, ते आठवतात.

त्याच संध्याकाळी वडिलांनी मागच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसवली. “धरनापाशी राहायचंय,” ते म्हणाले, “दुसरा इलाज न्हाई.” खरंच नव्हता. पण पाण्याच्या भीतीनं बसलेली ती कडी पुढं पाहुणे आले तरी लागायला लागली. माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. “धाकटी अशी हाय म्हणल्यावर थोरलीला कोन करून घेईल?” असं आत्या एकदाच म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणायची तिला गरज पडली नाही.

कॉलेजात यातलं कुणालाच काही माहीत नव्हतं. मग मानसशास्त्र शिकवणाऱ्या सेलूकर बाई पुण्याहून कसलंसं प्रशिक्षण घेऊन आल्या आणि वर्गात त्यांनी एक शब्द सांगितला, ऑटिझम. ‘स्वमग्न’ हा शब्द आमच्याकडं यायला अजून बरीच वर्षं होती. बाईंनी फळ्यावर एकाखाली एक लक्षणं लिहिली. नजरेला नजर देत नाही. हाकेला वळत नाही. फिरणाऱ्या वस्तूंची ओढ. सगळ्या मुली उतरवून घेत होत्या. मी वही उघडली नाही. आमच्या मागच्या खोलीतलं या बाईंना कुणी सांगितलं, हाच विचार डोक्यात आला. एवढ्या वर्षांनी त्या आजाराला नाव मिळालं याचा आनंद व्हायला हवा होता. मला फक्त पकडले गेल्यासारखं वाटलं.

कॉलेजचं हिवाळी शिबिर दरवर्षी एखाद्या खेड्यात व्हायचं; त्याला या विषयावर नाटक न्यायचं बाईंनी ठरवलं. खेड्यापाड्यांत अशी मुलं कोंडून ठेवतात, त्यांच्या आयाबापांना कळायला हवं, असं त्या पोटतिडकीनं सांगत होत्या. नाटक आम्हीच लिहिलं. नाटकातल्या मुलाचं काम वर्गातल्या गंगाधरकडं होतं. त्यानं पहिल्याच तालमीत केस विस्कटले, जीभ बाहेर काढली आणि खिदळत वर्गभर उड्या मारल्या. पोरं हसून हसून बाकावर आडवी झाली. मी उठले. का उठले ते आजही धड सांगता येत नाही. राग आला, एवढंच.

“असं नसतं,” मी म्हणाले.

“मंग कसं असतंय? दाव की,” गंगाधर म्हणाला.

मी चपला काढल्या आणि चवड्यांवर उभी राहिले. बाईंच्या टेबलावरच्या शाईच्या बाटलीचं टोपण घेऊन फरशीवर फिरवलं. गंगाधरनं मला तीनदा हाक मारली, मी वळले नाही. बोटं डोळ्यांपुढं आणली तेव्हा वर्गात कुणीच हसत नव्हतं. बाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “नंदा, हे कुठं बघितलंस तू?”

“आमच्या शेजारी एक आहे,” मी म्हणाले.

असं सख्ख्या बहिणीला मी शेजाऱ्यांना देऊन टाकलं. नाटकातल्या मुलाची मुलगी झाली आणि ते काम मला मिळालं.

शिबिराचं गाव जाहीर झालं तेव्हा माझं जेवण गेलं. जिंतूर तालुक्यातलं खेडं, येलदरीपासून अडीच कोसांवर. तिथली माणसं बाजाराला येलदरीच्या माणसांना भेटणार, हे मला दिवसरात्र दिसायला लागलं. आजारी पडावं असंही मनात आलं, पण ताप काही मागून येत नाही.

गावात उतरलो त्या दिवशी पारावरच्या म्हाताऱ्यांनी आम्हाला आधी बसवून घेतलं. त्यातल्या एकानं डोक्याचा पटका सारखा करत विचारलं, “कोन्या बाजूचं नाटक हाय?”

आम्हाला कळेना.

“नावाचं हाय का? नावाचं असंल तर इथं नगं. गावात आजून काई झालं न्हाई, होऊ बी द्यायचं न्हाई.”

“न्हाई काका,” गंगाधर म्हणाला, “लेकराचं हाय. बोलत न्हाई असल्या लेकराचं.”

“लेकराचं कसलं आलंय नाटक!” म्हातारा जरा सैल झाला. “करा. पर आडनावं-गावं सांगू नका कोनी. आडनाव आयकलं की मानसं हिशेब करायलेत आजकाल. उगं कशाला?”

आमच्याकडं पथनाट्य संपलं की सगळ्यांनी रांगेत उभं राहून पूर्ण नाव, गाव सांगायचं अशी पद्धत होती. यावेळी फक्त पहिलं नाव आणि वर्ग सांगायचं ठरलं. गंगाधरला ते लागलं. आपलं नाव अर्धं गिळायचं म्हणजे काय, असं तो त्या दिवशी जेवताना दोनदा म्हणाला, आणि त्याचं बरोबरच होतं. मी मात्र मनातल्या मनात हात जोडले. आडनाव नाही, गाव नाही. म्हणजे येलदरीच्या ऑपरेटरची मुलगी कुणाला कळायची नाही. साऱ्या गावाच्या भीतीआड माझी भीती आरामात लपली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मारुतीच्या पारापुढं नाटक झालं. उन्हं तिरपी झाली होती, बायका एका बाजूला डोईवर पदर घेऊन बसल्या होत्या, गड्यांनी भिंतीला पाठी लावल्या होत्या. मला संवाद नव्हतेच. मी झाकण फिरवत होते. वर्षा, माझी खोलीतली मैत्रीण, नाटकात आई होती. ती रडत रडत मला भाकरीचा घास भरवायची आणि मी तो बेबीसारखा गालात धरून ठेवायचे. त्या अर्ध्या तासात मला एक विचित्र भीती वाटली. सगळा गोंगाट दूर गेला होता, आणि झाकणाच्या कडेवर ऊन फिरत होतं ते खरंच बघत राहावंसं वाटत होतं. मी आत कुठंतरी चाललेय आणि परत यायची वाट मला माहीत नाही, असं वाटलं. बेबीच्या डोळ्यांतून मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. नंतरही कधी बघता आलं नाही.

शेवटी रांगेत उभं राहून मी नमस्कार केला. “मी नंदा. बी.ए. दुसरं वर्ष.” टाळ्या पडल्या.

मग हापशावर मी तोंड धूत होते, वर्षा हापसत होती. एक बाई आली. तिशीची असेल, विटकं हिरवं लुगडं, हाताला शेण वाळलेलं. तिनं न बोलता माझी हनुवटी धरली.

“आ कर.”

मी केला. बाजारात बैलाचे दात बघावेत तशी तिनं माझी जीभ बघितली.

“कवापासून बोलायलीस तू?”

“मावशी, ते नाटक होतं,” वर्षा हसत म्हणाली.

बाईनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. “तू रडलीस त्ये नाटक. हिचं नाटक न्हाई. नाटकात बोटं अशी फिरत न्हाईत. घास असा गालात धरता येत न्हाई.”

“आमच्या शेजारी एक मुलगी आहे,” मी म्हणाले, “तिचं बघून केलं.”

“शेजारच्या लेकराला इतकं कोनी बघत न्हाई ग बाई.”

वर्षाचा हात हापशावर थांबला होता. ती माझ्याकडं बघत होती. आता खरं सांगायचं, नाही तर मी आधी मुकी होते असं बाई समजतेय ते समजू द्यायचं, एवढंच उरलं होतं.

“कितव्या वर्साला बोललीस, तेवढं सांग,” बाई म्हणाली. “माजी सा वर्साची हाय. कोनाला दावली न्हाई म्या.”

“दहाव्या,” मी म्हणाले.

तोंडातून शब्द गेला तेव्हाच मला कळलं तो कुठून आला ते. आमच्या घरात जो आकडा वाया गेला होता, तोच मी तिच्या ओटीत घातला. तिनं माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली आणि भराभरा निघून गेली. वर्षा म्हणाली, “कशाला ग खोटं सांगितलंस बिचारीला?” मी म्हणाले, “जाऊ दे, बरं वाटलं तिला.” रात्री सेलूकर बाईंनी शिबिराच्या वहीत लिहिलं, ‘प्रेक्षकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद.’

दुसऱ्या दिवशी घरोघर जाऊन माहिती भरायची होती. गावाच्या टोकाच्या घरातून तीच बाई बाहेर आली. गयाबाई तिचं नाव. तिनं वर्षाला बाहेर बसवलं, मला आत नेलं आणि दार लोटून घेतलं. आत मेढीच्या खांबाला दावं बांधलेलं होतं आणि दाव्याच्या दुसऱ्या टोकाला तिची मुलगी, चंद्रकला. पाय काचू नये म्हणून घोट्याभोवती जुन्या लुगड्याची मऊ घडी गुंडाळून वर दावं बांधलं होतं. पत्र्याच्या भोकातून उजेडाचा एक कवडसा येत होता आणि ती त्यात बोटं हलवत होती. अगदी तशीच. मला वाटलं, ही बेबीच आहे आणि आता आईचा आवाज येईल.

“हिरीकडं पळती,” गयाबाई म्हणाली. “म्या रानात जाती, हिला कोन बघावं? घरातले म्हणायलेत कुठं तर सोडून ये. पर आता म्या भेत न्हाई. चारच वर्सं ऱ्हायली. तवर अशीच ठिवती, कोनाला दावत न्हाई. दहावं लागलं की बोलंल, मंग सोडती. साळंत घालती, तुज्यासारकी कालिजात घालती.”

मी फॉर्मवर लिहिलं: मुले एक. शिक्षण नाही.

पुढचे तीन दिवस आम्ही शोषखड्डे खणले. कुदळ मारताना माझ्या डोक्यात एकच चाललेलं असायचं. सांगितलं तर गयाबाई गावभर बोंब मारील, वर्षाला कळेल, बाईंना कळेल, बाजारात येलदरीची माणसं ऐकतील, माघात पाथरीचे लोक मला बघायला येणार होते ते यायचे नाहीत. नाही सांगितलं तर ते दावं चार वर्षं सुटणार नाही, आणि चार वर्षांनी काय होईल ते मला ठाऊक होतं. आमच्या घरी ते होऊन गेलं होतं. फरक इतकाच, की आमच्या आईला सांगणारा वैद्यबुवा कुठं गेला कुणास ठाऊक. इथं तो वैद्यबुवा मी होते.

निघायच्या दिवशी सकाळी मी एकटीच गेले. गयाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. मी दारातच उभी राहून बोलले, बसले असते तर शब्द फुटला नसता.

“मावशी, मी खोटं बोलले. मी कधी मुकी नव्हते. माझी धाकटी बहीण तशी आहे. तिला दहावं लागलं, सरलं. बोलली नाही.”

तिच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तिनं उलटली नाही. मी तिच्या ओरडण्याची वाट बघत होते. थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

“कोन्या गावाला हाय?”

“येलदरीला.” गावही सांगून टाकलं.

“बांधलेली हाय का सुटी?”

“आम्ही बांधत नाही,” मी म्हणाले. कशाची घाई होती मला ते सांगायची! “मागच्या खोलीत असते. बाहेरून कडी लावतो.”

“मंग येकच,” गयाबाई म्हणाली आणि तिनं करपलेली भाकरी काढून बाजूला ठेवली.

तिनं पुढची भाकरी थापायला घेतली. बाहेर आम्हाला न्यायला आलेल्या ट्रॅक्टरचा आवाज आला, गंगाधर नावं पुकारत होता. मी वळणार तेवढ्यात ती म्हणाली, “येकदा आनशील तिला? बोलत न्हाई तर न बोलू दे. माजी मोठी झाल्यावर कशी दिसंल, तेवढं बघायचंय मला. म्या दुसरी बघितलीच न्हाई कोनी. मला वाटायचं दुनियेत ही येकलीच.”

“आणते,” मी म्हणाले.

आणली नाही. आधी पाथरीचे लोक येऊन जाऊ देत म्हणून, मग लग्न पार पडू दे म्हणून, मग सासरी कळायला नको म्हणून. सासरी कळायचं ते तिसऱ्या वर्षी कळलंच. आठ-पंधरा दिवस कुणी माझ्याशी नीट बोललं नाही. मग नणंदेचं बाळंतपण आलं आणि सगळे आपापल्या कामाला लागले. ज्याला मी इतकी वर्षं भ्याले ते एवढंच होतं. पण तोवर चंद्रकला दहाची होत आली होती, आणि आता कुठल्या तोंडानं जायचं ही नवी भीती तयार होती. त्या गावाच्या फाट्यावरून एसटी जाते तेव्हा मी अजून दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघते. ते दावं सुटलं का, कधी सुटलं, कुणी सोडलं, ती विहीर, मला काही माहीत नाही. पौषात दारावर अनोळखी म्हातारी उभी राहिली तर मी आधी तिचे हात बघते.

आईवडील गेल्यावर बेबी माझ्याकडं आली. पन्नाशीची झाली. गयाबाई, केस निम्मे पांढरे झालेत. वेणी घालू देत नाही, म्हणून मीच कापते. अंगानं भरलीय, गुडघे दुखतात, त्यामुळं चवड्यांवरून टाचांवर आलीय. बोलत नाही. आंघोळ स्वतः करते, नळ बंद करत नाही. आपलं जेवण झालं की ताट मोरीत नेऊन ठेवते, माझंही नेते, मी जेवत असले तरी. दाराला कडी नाही. शिकवायला आठ वर्षं लागली, पण आता फाटकाशी जाते आणि तिथून आपली आपण परत येते. दुपारी ओसरीवर बसते, ऊन पायांवर आलं की हसते. कशाला ते मला अजून कळलेलं नाही. अशी दिसते. एवढं दाखवायला मला अडीच कोस जायचं होतं.